होयबाचा डावा पाय

माणसाच्या देहावर पहिला आणि शेवटचा अधिकार त्याचा स्वतःचा असतो, याबद्दल कायदा, नीतिशास्त्र आणि वैद्यक या तिघांचं दुर्मीळ असं एकमत आहे. पाय मात्र यातून वगळावेत. निदान जो माणूस आमचे केस कापतो त्याचे तरी वगळावेतच, असं आमच्या चौघांचं मत पडलं आणि ते आम्ही अकरा महिने लावून धरलं.

चौघं म्हणजे निवृत्त हेडमास्तर, बँकेतला कॅशिअर, समोरचा केमिस्ट आणि मी. मी विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो. लोकांची दुखणी खरी आहेत की नाहीत हे लोकांना न बघता ठरवायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. रविवारी सकाळी आम्ही सलूनमध्ये जमायचो. दर रविवारी चौघांचेही केस वाढलेले असायचे असं नाही. हेडमास्तरांचे तर वाढण्याची शक्यताच संपली होती. कानांवर दोन झालरी तेवढ्या उरल्या होत्या आणि त्या काळ्या करून घ्यायला ते यायचे.

सलून ज्याचं, त्याला आम्ही होयबा म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. तो त्यालाही हो म्हणायचा.

त्याचं कारण त्यानं मला एकदा सांगितलं होतं. धंदा त्याला वडिलांनी शिकवला. वडील म्हणायचे, गिऱ्हाइकाशी वाद घातला की गिऱ्हाईक मान हलवतं, आणि मान हलली की वस्तरा लागतो. तेव्हा हातात वस्तरा असताना कुणाला चूक म्हणायचं नाही. होयबानं हा धडा इतका मनावर घेतला की पुढे हातात वस्तरा असो, कंगवा असो, नाहीतर नुसता चहाचा कप असो, त्याचं उत्तर एकच: "बरोबर आहे." कॅशिअरनं सरकारला शिव्या घातल्या की बरोबर आहे. दहा मिनिटांनी हेडमास्तरांनी त्याच सरकारची आरती केली की तेही बरोबर आहे. त्याच्या खुर्चीत बसून आजवर कुणीही वादात हरलेलं नव्हतं. इतक्या स्वस्तात असं सुख दुसरीकडे कुठे मिळतं?

दुकानात बसायच्या जागा सात. तीन फिरत्या खुर्च्या, चौघांचं बाकडं. उभं राहायची जागा एक, आणि ती बावीस वर्षं त्याची होती. सकाळी आठ ते रात्री साडेआठ. एकदा कॅशिअर म्हणाला होता, "अरे, स्टुलावर बसून काप की." होयबा म्हणाला, "बरोबर आहे. पण बसून कापलं की गिऱ्हाइकाला वाटतं, हा दमला. मग तो टकामका हाताकडे बघत बसतो."

त्याचा पाय आम्हाला दिसला तो नळामुळे. बेसिनखालचा पाइप सुटला, दुकानात पाणी झालं, आणि होयबानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"अरे, हे काय रे?" हेडमास्तर ओरडले. वर्गात उंदीर दिसल्यावर ओरडत असतील तसे.

डाव्या पोटरीवर निळ्याजांभळ्या शिरा बोटाएवढ्या फुगून वेड्यावाकड्या पळत होत्या. लहान डब्यात मोठी वायर कोंबून झाकण लावावं तसं ते दिसत होतं. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, कातडी तपकिरी पडली होती. चहा सांडून वाळला की डाग राहतो, तशी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की नऊ-दहा वर्षं."

"दुखतं?"

"संध्याकाळी शिसं भरल्यासारखं होतं. सकाळी विसरतो."

"मग कधी बोलला नाहीस ते!"

"तुम्ही डोळे मिटून बसलेले असता ना, साहेब," तो म्हणाला आणि फडकं पिळायला लागला. यात टोमणा नव्हता. त्याला टोमणा मारता येत असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्याची बायको शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. काचेची नळी फुटली की कुणी फोडली हे मुलांचे चेहरे बघून ओळखायची, असा तिचा लौकिक होता. पाण्याची गोष्ट घरी कळताच तिनं नवऱ्याला पुढे घातलं आणि शिरांच्या सर्जनकडे नेलं. शिरांतलं रक्त कसं वाहतं ते बघायची डॉप्लर तपासणी झाली. पुढच्या रविवारी होयबानं कॅशिअरच्या मानेमागे मशीन फिरवत आम्हाला सगळं समजावून सांगितलं.

"शिरांना आतून झडपा असतात म्हणे. रक्त वर चढलं की झडप मिटते, म्हणून ते परत खाली येत नाही. माझ्या झडपा सैल झाल्यात. चढलेलं सगळं पुन्हा खाली."

"आमच्या बँकेच्या लिफ्टसारखं," कॅशिअर म्हणाला.

"बरोबर आहे. डॉक्टर म्हणतात, लेसरनं ती शीरच बंद करून टाकू. त्याच दिवशी घरी. कातडी काळी पडायला लागली आहे, म्हणजे आता थांबू नका. जखम झाली तर भरायला महिने जातात, आणि मग उभं राहायचा धंदा विसरा म्हणाले."

"मग करून टाक!" हेडमास्तर म्हणाले. "शुभस्य शीघ्रम."

"करतोय ना. पुढच्या महिन्याची सात तारीख दिलीय. दहा दिवस दुकान बंद राहील तेवढं."

कॅशिअरनं मान वळवली. मशीन वेळेवर उचललं गेलं म्हणून बरं.

"दहा दिवस?" तो म्हणाला.

"दहा दिवस," हेडमास्तर म्हणाले, पण वेगळ्या आवाजात. शुभस्य शीघ्रम म्हणतानाचा आवाज तो नव्हे.

शास्त्रीय चर्चा सुरू झाली ती इथून. हेडमास्तरांच्या मेव्हण्याच्या साडूनं हेच ऑपरेशन केलं होतं आणि वर्षाच्या आत शिरा परत आल्या होत्या. "ही शरीराची मूळ प्रवृत्तीच असते," ते म्हणाले. त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता, त्यामुळे मूळ प्रवृत्ती त्यांना लांबूनही दिसायच्या. केमिस्ट म्हणाला, कापाकापी हा शेवटचा उपाय, आधी शिरा दाबून धरणारे घट्ट मोजे घालून बघ, माझ्याकडे आहेत. एक मलमही आहे. जाहिरात येते त्याची. कॅशिअर म्हणाला, ऑपरेशन करायला माझी अजिबात हरकत नाही, फक्त सात तारखेला नको. दहा तारखेला त्याची बढतीची मुलाखत होती.

"तुला तर माहीत आहे, माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत. दुसऱ्या कुणी हात लावला की कोंबडा उभा राहतो."

"बरोबर आहे," होयबा म्हणाला.

सात तारीख रद्द झाली. मोजे आले. केमिस्टनं घोट्याचं माप न घेता दिले, कारण त्या मापाचे त्याच्याकडे तेवढेच उरले होते. ते गुडघ्याखाली गोळा व्हायचे आणि करकचून बसायचे. मलमाला वास चांगला होता.

कॅशिअरची मुलाखत झाली. बढती मिळाली नाही, पण कोंबडा उभा राहिला नाही याचं श्रेय त्यानं होयबाला दिलं. मग ऑपरेशनसाठी नवीन तारीख घेतली गेली. तेवढ्यात हेडमास्तरांना पंचाहत्तरावं लागलं आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी सत्काराचा घाट घातला. सत्कार अठराला. ऑपरेशन बाराला.

"हे बघ, मी तुला अडवतोय असं अजिबात समजू नकोस," हेडमास्तर म्हणाले. "पण माझं वय बघ. माझा सत्कार काही परत परत होणार नाही. तुझ्या शिरा कुठे पळून चालल्यात?"

"बरोबर आहे, मास्तर."

त्या रविवारी त्याची बायको दुकानात आली. आम्ही तिला आजवर फक्त लांबून नमस्कार केला होता. ती दारातच उभी राहिली. बाकड्यावर जागा होती. आम्ही सरकलोही. ती बसली नाही.

"तारीख पुढे कुणी ढकलली?" तिनं विचारलं.

फुटलेल्या नळीबद्दल ती कसं विचारत असेल हे मला तेव्हा समजलं. चौघंही खाली बघायला लागलो.

"वहिनी, आम्ही फक्त विचारपूर्वक करा एवढंच—" केमिस्टनं सुरुवात केली.

"विचार? तुम्ही चौघांनी? भाऊ, तुमच्या चौघांच्या डोक्यावरचे मिळून एका माणसाचे केस होत नाहीत. आणि तेवढ्यासाठी माझा नवरा पाय झिजवतोय! रात्री पाय भिंतीला लावून झोपतो तो. ठाऊक आहे? अंथरुणात डोकं खाली, पाय वर. पंधरा मिनिटं तसा पडला की मग कुठे बोलतो."

"वहिनी, माझा सत्कार—" हेडमास्तर.

"टोपी घाला!"

मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा. तुमचा पाय आहे ना? का तोही ह्यांचा?"

होयबानं कात्री खाली ठेवली. आमच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

ती खूश झाली नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला त्या वाक्याची किंमत माहीत होती. "माझं बरोबर, ह्यांचं बरोबर, डॉक्टरांचं बरोबर," ती म्हणाली. "चूक फक्त तुमच्या पायाची आहे." आणि निघून गेली.

कॅशिअर म्हणाला, "बाई फार तोंडाळ आहे," आणि सगळ्यांना जरा हलकं वाटलं.

सत्कार झाला. हेडमास्तरांच्या झालरी शाईसारख्या काळ्याभोर होत्या आणि भाषणात त्यांनी मुलांना दुसऱ्यांसाठी झिजायला सांगितलं. होयबा शेवटच्या रांगेमागे उभा होता. खुर्च्या कमी पडल्या होत्या.

आता माझी पाळी. कॅशिअरची मुलाखत होती, हेडमास्तरांचा सत्कार होता, केमिस्टचे मोजे खपायचे होते. माझं काहीच नव्हतं. हे मी नम्रपणे नाही, नाइलाजानं सांगतो.

आठव्या की नवव्या महिन्यात, एका आडवारी, दुपारी, दुकानात आम्ही दोघंच होतो. मी दाढीला बसलो होतो. गालांवर फेस, मान मागे, वस्तरा गळ्याशी. त्यानं तो एकदा वर ओढला, पुसला आणि थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "एक विचारू? तुमच्याकडे अशी प्रकरणं येतात. तुम्ही कागद बघता. हे तिघं म्हणतात, डॉक्टर म्हणतो, घरातून बोलणी बसतात, मला काही सुधरत नाही. तुम्ही खरं सांगा. करू का?"

बावीस वर्षांत त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. याआधी तो फक्त "बारीक की मध्यम?" विचारायचा.

आणि मला उत्तर माहीत होतं. माझ्या टेबलावर या दुखण्याच्या दोन प्रकारच्या फायली येतात. वेळेवर ऑपरेशन केलेल्यांची फाइल सहा पानांची असते. थांबलेल्यांची सुतळीनं बांधावी लागते. जखमेचे फोटो, ड्रेसिंगची बिलं, पुन्हा फोटो, कामावर येऊ शकत नसल्याचं प्रमाणपत्र. मी त्या फायलींवर 'दिरंगाई रुग्णाकडूनच' असा शेरा मारून दावे परत पाठवले आहेत. माझं अक्षर चांगलं आहे.

मी हो म्हणायचं. एवढंच. एक अक्षर. मान हलवायचीही गरज नव्हती.

पण मला डोळे मिटून त्या खुर्चीत बसायची सवय होती. दहा दिवस कुणा नवख्या माणसापुढे गळा मोकळा करून बसायचं, त्याला बारीक की मध्यम सांगायचं, तो काही बोलला तर आपण काही बोलायचं... जिवावर आलं. त्याच्या नव्हे, माझ्या.

"घाई कशाला?" मी म्हणालो. "बघू की अजून थोडे दिवस."

वस्तरा पुन्हा चालू झाला.

"बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला.

पुढे दोन महिन्यांनी मधल्या खुर्चीचा पाय ठेवायचा पत्रा त्याच्या घोट्याला घासला. ओरखडा नखाएवढा. मी तिथेच होतो. त्यानं त्यावर तुरटी फिरवली, गिऱ्हाइकाच्या गालावर फिरवतात तशी, आणि "पुढचा कोण?" म्हणाला. कॅशिअर पुढचा होता.

ओरखडा आठवड्यानं रुपयाएवढा झाला. तीन आठवड्यांनी तळहाताएवढा. मग मोज्यातून पाणी झिरपायला लागलं, आणि बुटाला आतून वास यायला लागला. केमिस्टनं दुसरं मलम दिलं. मग एका रविवारी आम्ही गेलो तर शटर खाली. त्यावर कागद चिकटवलेला: 'तब्येतीच्या कारणाने दुकान बंद आहे.' अक्षर बायकोचं होतं. किती दिवस ते लिहिलं नव्हतं.

"निदान आधी सांगायचं तरी," कॅशिअर म्हणाला.

"शिस्त राहिली नाही," हेडमास्तर म्हणाले.

आम्ही शटरसमोर पाच मिनिटं उभे राहिलो. पाय दुखायला लागले. कोपऱ्यावर नवीन सलून निघालं होतं, काचेच्या दाराचं. आत एसी होता. दोन भोवरे, दोन झालरी, सगळे आत गेलो.

सहा आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक एका सुतळी बांधलेल्या फाइलीमुळे. दार बायकोनं उघडलं. मी शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. तिनं "या" म्हटलं, चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीत उभी राहून प्रयोगवह्यांना कव्हरं घालत राहिली. शिव्या परवडल्या असत्या.

होयबा पलंगावर होता, पाय तीन उशांवर. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चार पदरी पट्टी. आठवड्यातून दोनदा ती सोडून जखम धुवायची, पुन्हा बांधायची. जखम आता थोडी थोडी आवळत होती.

"पूर्ण कधी भरेल?"

"वर्षही लागेल म्हणतात. शीर मात्र आता लगेच बंद करायची आहे. मंगळवारची तारीख आहे. नाही केली तर भरून पुन्हा फुटेल म्हणे." तो ते कॅशिअरला झडपा समजावल्या होत्या तसंच समजावून सांगत होता. "पण उभं राहायचं ते दिवसाकाठी दोन तास. त्याच्या वर नाही. दुकान सोडलं, साहेब. खुर्च्या आहेत विकायच्या. कुणी असेल तर सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "तुझ्याशिवाय आमचे फार हाल चाललेत रे. त्या कोपऱ्यावरच्याला काही जमत नाही. तुझा हात तो तुझा हात."

त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकलो. त्यानं माझी हनुवटी धरून डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मानेवरून बोट खालून वर नेलं, कानामागे थांबवलं. बराच वेळ बघत होता. खिडकीत कव्हर घालायचा आवाज थांबला होता.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "चांगले कापलेत. मागचा उतार माझ्यापेक्षा सफाईदार आहे."

मी सरळ झालो. चहा निवला होता. तो तसाच प्यायलो आणि निघालो. दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही. एकाला उठायचं नव्हतं, दुसरीला यायचं नव्हतं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. पस्तीस मिनिटं लागली. त्यातली दहा नुसती पाय पुसून घेण्यात गेली.